विजेच्या जाळ्याचे जुळे

खानापूर तालुक्यात पावसाचे पहिले शिंतोडे पडले की वीज जाते, हे आमच्या बाजूच्या माणसांना सांगावयास नको. परंतु गावाची वीज जाणे निराळे आणि देशाची वीज जाणे निराळे. गावच्या अंधाराला बहुधा एखादी मोडलेली फांदी कारण असते. वायरमन येतो, खांबावर चढतो आणि दिवे लागतात. देशाच्या अंधाराची हकीकत मला माझ्या भाचीने सांगितली. डॉक्टरेटसाठी तिचे याच विषयावर संशोधन चालू आहे, आणि त्यापायी गेल्या नाताळात आमच्या घरात जो पेच उभा राहिला, त्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

तिच्या प्रबंधाचा विषय म्हणजे वीज पारेषणाच्या जाळ्याचे ‘डिजिटल जुळे’. हा शब्द ऐकून ताईच्या शेजारणींनी जो अर्थ घ्यावयाचा तो घेतला. असो. जुळे म्हणजे काय, तर उंच मनोऱ्यांवरून जाणाऱ्या वाहिन्या, उपकेंद्रे, रोहित्रे या सर्वांचे संगणकात उभे केलेले प्रतिरूप. नकाशा एकदा काढला की तसाच राहतो. हे प्रतिरूप मात्र मूळ जाळ्यातून येणाऱ्या मोजमापांबरोबर क्षणोक्षणी बदलत असते. ‘ही वाहिनी आता बंद पडली तर काय होईल?’ हा प्रश्न खऱ्या जाळ्याला विचारता येत नाही, कारण त्याचे उत्तर लक्षावधी घरांना भोगावे लागेल. जुळ्याला तो खुशाल विचारावा.

विजेचा व्यवहार मोठा विलक्षण आहे. भात कणगीत साठविता येते. तारेतली वीज साठत नाही. जितकी निर्माण होईल तितकी त्याच क्षणी खर्च झाली पाहिजे. हा तोल वारंवारतेवरून कळतो. ती सेकंदाला ५० असावी लागते, आणि आपल्या देशात ती ४९.९० ते ५०.०५ यांच्या दरम्यान राखण्याचा दंडक आहे.

तोल ढळला म्हणजे काय होते, ते ३० जुलै २०१२ च्या रात्री दिसले. पहाटेचे २ वाजून ३३ मिनिटे झाली असता बिना व ग्वाल्हेर यांमधील ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडली. तार तुटली नव्हती की कोठे वीज कोसळली नव्हती. भारच इतका वाढला होता की रक्षणासाठी बसविलेल्या रिलेने त्यालाच बिघाड समजून वाहिनी तोडली. तिचा भार इतर वाहिन्यांवर पडला, त्याही एकामागून एक सुटल्या, आणि उत्तर हिंदुस्थान अंधारात बुडाला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीच वाहिनी पुन्हा सुटली. या वेळी उत्तरेबरोबर पूर्व व ईशान्य भागही गेले. साठ कोटी लोकांच्या वस्तीचा तो प्रदेश! आगगाड्या वाटेत थांबल्या. बंगालच्या कोळसाखाणींत सुमारे दोनशे मजूर अडकून पडले. सुदैवाने ते पुढे सुखरूप बाहेर आले. आपला दक्षिण विभाग वाचला, कारण तो तेव्हा बाकीच्या देशाशी एका ठोक्यात चालत नव्हता. रायचूर-सोलापूर वाहिनीने तो ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडला गेला. आता सारा देश एकाच जाळ्यात आहे. सोय मोठी, आणि जोखीमही सामायिक.

अशा जाळ्याची नाडी पाहणारे एक यंत्र आहे. ते उपग्रहाच्या घड्याळाशी वेळ जुळवून सेकंदाला पंचवीस ते पन्नास वेळा मोजमाप पाठविते, त्यामुळे शेकडो कोसांवरची दोन ठिकाणे एकाच क्षणी ताडून पाहता येतात. १९८८ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ते प्रथम घडले. घडविणारे होते अरुण फडके व त्यांचे सहकारी जेम्स थॉर्प. फडके हे खरगपूरच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी. २००८ साली दोघांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. मराठी आडनावाचा हा माणूस आपल्या पोरांना ठाऊक नसतो, याची मला खंत वाटते.

आता पेचाविषयी. भाचीचे जुळे एका वाहिनीच्या तारा किती तापतील व किती खाली झोळतील, ते सांगते. वर्षाचे बहुतेक दिवस त्याचे उत्तर प्रत्यक्षाशी जुळे. परंतु उन्हाळ्यातल्या काही कोंदट दुपारी तार जुळ्याच्या सांगण्याहून अधिक झोळलेली आढळे. पुष्कळ शोधाअंती तिला संशय आला तो वाऱ्याचा. वारा तारेला निववितो. पण वाऱ्याचा वेग येत होता दूरच्या मोकळ्या माळावरील वेधशाळेतून, आणि वाहिनीचा एक भाग जात होता दरीतून, जेथे पानही हलत नाही. खात्रीसाठी दरीतल्याच मनोऱ्यावर यंत्र बसवून आणखी एक उन्हाळा मोजमाप घेणे प्राप्त होते.

तेवढे दिवस वगळून प्रबंध मार्चमध्ये सादर करता आला असता. जूनपासून एका कंपनीत चांगल्या पगाराची नोकरी वाट पाहत होती. ताई विधवा, धाकटा मुलगा डिप्लोमाला. तिने मला बोलावून सांगितले, “तू तिची समजूत घाल. घरातलं तिला कोणी सांगायचं?”

मी भाचीला सरळ विचारले, “चार-सहा दुपारींसाठी एक वर्ष घालवणार?”

ती म्हणाली, “मामा, तारा त्याच दुपारी झाडांना टेकतात. बाकीच्या दिवशी जुळ्याची गरजच कोणाला आहे?” आणि तिने १४ ऑगस्ट २००३ ची अमेरिकेतली गोष्ट सांगितली. ओहायो राज्यात झोळलेल्या तारा झाडांना लागून वाहिन्या सुटल्या. देखरेखीच्या केंद्रात जाळ्याची स्थिती मांडणारा संगणक होता. पण एक वाहिनी बंद असल्याची वार्ता त्याला पोहोचली नव्हती, म्हणून त्याची उत्तरे जुळेनात. तिथल्या विश्लेषकाने चूक सुधारली, पण हिशेब आपोआप चालू ठेवण्याची कळ दाबावयाची विसरून तो जेवावयास गेला. त्या दिवशी सुमारे पाच कोटी माणसे अंधारात राहिली. चुकीचे जुळे नसल्याहून वाईट, कारण त्यावर माणसे विसंबतात, असे तिचे म्हणणे.

मला ते पटले. ताईला मात्र पटले नाही. आणि तिला नावे ठेवण्याचे धाडस मी करणार नाही. महिन्याची मिळवणी तिला करावी लागते, मला नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या वर्षाच्या फीची जबाबदारी मी माझ्याकडे घेतली. ताई एवढेच म्हणाली, “एकच वर्ष. वर एक दिवस नाही.”

नोकरीचे पत्र भाचीने परत पाठविले. दरीतल्या मनोऱ्यावर यंत्र बसल्याचे तिने गेल्या आठवड्यात फोनवर कळविले. मोजमाप एप्रिल-मेमध्ये व्हावयाचे आहे, आणि फीचा पहिला हप्ता जूनच्या पंधरवड्यापूर्वी भरावयाचा आहे.