खोबऱ्याच्या वाटीतला वीर

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. असल्या पाट्या महाराष्ट्रात बऱ्याच गावांत सापडतात आणि त्यांवरचा मजकूर ठरलेला असतो: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावागणिक आकडा तेवढा बदलतो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचा आकडा ४६ सांगतात. त्या गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला. आमचा आकडा लहान. त्या पाटीखाली गोट्या खेळताना आम्हा पोरांना वाटायचं की, नावं मागच्या बाजूला, भिंतीच्या आत लिहिलेली असणार.

त्या आकड्यातला एक आमच्या घरचा. पणजोबांचा धाकटा भाऊ. घरात त्यांना 'बसऱ्याचे आबा' म्हणत. आजोबांच्या पिढीला सगळा मेसोपोटेमिया म्हणजे बसराच. खरं तर ते गेले बसऱ्याच्या बरंच वर, कुत-अल-अमाराच्या बाजूला. तिथं अडकलेल्या फौजेचं नावच 'सहावी पुणे डिव्हिजन' होतं आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांचा वेढा पडला. उपासमार झाली, घोडी कापून खायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ ला फौजेनं शरणागती पत्करली. पुढं कैद्यांना उन्हातून चालवत नेलं. आबा वेढ्यात गेले की त्या वाटचालीत, हे घरी कोणाला कधीच कळलं नाही.

म्हणजे तिथी नाही. आणि तिथी नसली की श्राद्ध कधी घालायचं? आजी सांगायची, तिच्या सासूनं पितृपक्षातली चतुर्दशी धरली. पंचांगात त्या दिवशी 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं लिहिलेलं असतं. शस्त्रानं मेलेल्यांचा तो दिवस. भटजींनी शंका काढली होती म्हणे, "शस्त्रानं गेले की दुखण्यानं, काय माहीत?" सासूबाई म्हणाल्या, "लढाईवर गेला तो लढाईतच गेला. तुम्ही मंत्र म्हणा." पुढं शंका निघाली नाही. त्या दिवशी अळूची भाजी, वडे, खीर असायची आणि एक पान जास्त वाढलेलं. आम्ही पोरं त्या पानाकडं बघत जेवायचो.

त्यांच्या आठवणीचा दुसरा दिवस धुळवडीचा. देव्हाऱ्यात चांदीचा एक टाक होता, हातात तलवार घेतलेला घोडेस्वार. आबा पायदळातले, घोड्यावर ते बसले असतील असं वाटत नाही, पण सोनाराकडं वीराचा साचा तोच. धुळवडीला तो टाक सुक्या खोबऱ्याच्या वाटीत, तांबड्या फडक्यावर बसवायचा. घरातल्या एका पोराला फेटा बांधून त्याच्या हातात तो द्यायचा आणि वाजतगाजत आंघोळीला नदीवर न्यायचा. गावात असे पंधरा-वीस वीर निघायचे. कोणाचा पानिपतावरचा, कोणाचा कुठला ते त्या घरालाही माहीत नसलेला. गावाबाहेर वीरगळ आहे, खाली लढाई, वर अप्सरा, त्याच्यावर शिवलिंग आणि चंद्रसूर्य. तिथं हलगी थोडा वेळ थांबायची. आमच्या वीराला मात्र नाव होतं. टाक हातात देताना आजी ते नाव पोराच्या कानात सांगायची. मला ते सातव्या वर्षी कळलं. आमच्या पिढीतल्या पाच चुलत-आत्येभावंडांना ते असंच, कानातून कळलं.

'शहीद' हा शब्द तेव्हा घरात कोणी वापरत नसे. 'कामी आला' म्हणत. मला अजूनही तोच शब्द बरा वाटतो. त्यात आरडाओरडा नाही.

आमच्या लहानपणाची लढाई म्हणजे पासष्ट आणि एकाहत्तर. काचांना काळे कागद चिकटवलेले, रेडिओभोवती सगळी गल्ली, आणि तारवाला दिसला की दारातल्या बायका आत सरायच्या, जणू आपण दिसलो नाही तर तो पुढच्या घरी जाईल. तेव्हा देह घरी येत नसे. तिकडंच अग्नी दिला जाई आणि महिन्यानं काळी ट्रंक येई: गणवेश, पितळी बिल्ले, दाढीचं सामान, अर्धं लिहिलेलं अंतर्देशीय पत्र. देह गावात यायला लागले ते १९९९ च्या कारगिलपासून. मग तिरंग्यातली पेटी, शाळेच्या पोरांची रांग, मानवंदनेच्या फैरी, चौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर गेलेल्यापेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे असतात, ही तक्रार मी करणारच. पण आईला शेवटचं तोंड बघायला मिळतं, हेही तितकंच खरं. ट्रंकेवर हात फिरवत बसलेली बाई मी पाहिली आहे.

पुण्यात नोकरीला लागल्यावर एकदा खडकीच्या युद्ध दफनभूमीत गेलो. कापलेलं गवत, पांढऱ्या शिळांच्या ओळी. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० हून अधिक कबरी, आणि शिळेशिळेवर नाव, पलटण, वय. काहींवर विलायतेतल्या आईबापांनी कळवलेली एखादी ओळ. कोणाची तरी कोवळी पोरं आपल्या पुण्यात इतकी नीट सांभाळली आहेत, याचं बरं वाटलं. मग वाटलं, आपल्या आबांची शिळा तिकडं कशी असेल?

नाहीच. बसऱ्याचं स्मारक १९२९ मध्ये उघडलं. ते ४०,००० हून अधिक मृतांचं आहे आणि त्यांतले बहुतेक हिंदी फौजेचे. पण तिथं हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांची तेवढी नावं कोरली. बाकीच्यांसाठी पलटणीखाली 'आणि इतके इतर हिंदी सैनिक' एवढंच. चावडीतल्या पाटीसारखंच. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते स्मारकच उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. ही नावं गाळली गेली, यात भेदभाव होता, हे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं अखेर एप्रिल २०२१ मध्ये मान्य केलं आणि माफी मागितली. एकशेपाच वर्षांनी.

सगळीकडं असं नाही. इंग्लंडात ब्रायटनजवळच्या टेकडीवर एक पांढरी छत्री आहे. तिथं पहिल्या महायुद्धातल्या ५३ हिंदू-शीख सैनिकांना अग्नी दिला होता. दर जूनमध्ये तिथं माणसं जमतात. भाचा तिकडं असतो, एकदा गेला होता. तो सांगत होता की, त्या ५३ जणांची नावंही दगडावर यायला २०१० साल उजाडलं. आणि इटलीत मोंतोने गावी २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं. घाडगे माणगाव तालुक्यातले, बावीस वर्षांचे; १० जुलै १९४४ ला तिथल्या चढावर एकट्यानं मशीनगनचा मोर्चा घेतल्यावर पडले. व्हिक्टोरिया क्रॉस घ्यायला त्यांची पत्नी गेली. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि कासिनोच्या स्मारकावर नाव. दोन्हीकडं नाव असलेला आमच्याकडचा असा एखादाच.

एक गोष्ट मला उशिरा कळली. सरकारनं आबांचं चांदीचं पदक घरी पाठवलं होतं. त्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असे. सरकारनं त्यांचं नाव कोरलं असेल तर ते तेवढ्या एकाच ठिकाणी. पणजीनं ते पदक सोनाराला देऊन वितळवलं आणि त्याचाच टाक केला. आजीनं हे सहज सांगितलं, लसूण सोलता सोलता. "राजाचं तोंड देव्हाऱ्यात कशाला?" एवढंच कारण.

आयोगाच्या यादीत आता नावानं शोध घेता येतो. तुमच्या देव्हाऱ्यात असा कोणी वीर असेल, तर त्याचं नाव आणि पलटण घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आत्ताच लिहून घ्या. आम्ही शोधलं तेव्हा आबांसारखी तीन नावं निघाली, तिन्ही मराठा पलटणींतली, तिन्ही १९१६ ची. त्यातले आपले कुठले, हे सांगायला आजी नाही. टाक सध्या हडपसरला चुलतभावाकडं असतो. तिथं नदी जवळ नाही, म्हणून धुळवडीला आम्ही त्याला बादलीतच आंघोळ घालतो आणि त्या वर्षी सात वर्षांचं जे पोर असेल, त्याच्या कानात नाव सांगतो.