'बॉरो' म्हणजे फक्त 'उसने घेणे' का?



'बॉरो' म्हणजे उसने घेणे, 'लेंड' म्हणजे उसने देणे. मुलं हे पटकन पाठ करतात आणि तरी वर्गात म्हणतात, "बॉरो मी युवर पेन." कारण मराठीत 'उसने' तेच राहतं, नुसतं घेणे-देणे बदलतं. इंग्रजीत अख्खा शब्दच बदलतो.

शिवाय आपण साखर उसनी आणतो, पेन मागून घेतो आणि वाचनालयातलं पुस्तक घरी नेतो. इंग्रजीत तिन्हीकडे 'बॉरो' चालतं. दुकानातल्या उधारीला मात्र ते चालत नाही.

माझ्या सेमी इंग्रजीच्या वर्गाला हा शब्द आधी वजाबाकीत भेटला. ५२ वजा २७ करताना २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ५ दशकांतला एक 'बॉरो' केला. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग तो परत कधी द्यायचा?" वर्ग हसला, पण शब्दाचा गाभा तिलाच कळला होता. मी सांगितलं, गणितात तो परत जात नाही, व्यवहारात मात्र द्यावाच लागतो.

काही मुलांकडे रोज पेन नसतं आणि मागायची लाज वाटते. "मे आय बॉरो युवर पेन?" या वाक्यात परत देण्याचं वचन आहे, त्यामुळे मान खाली घालावी लागत नाही. आठवडाभर वर्गात आणि घरी हे वाक्य खरोखर वापरू द्या. वस्तू परत केली की शब्दही पक्का होतो.