गाण्यामागचीं नांवें

२०१६ सालच्या ‘सैराट’ चित्रपटांतील ‘झिंगाट’ हें गीत आमच्या अरण्यप्रदेशांतील लग्नमंडपांतूनही दुमदुमलें. परंतु मीं वर्गांत पुसलें, तेव्हां त्याचे कर्ते अजय-अतुल हें एकासही सांगतां आलें नाहीं. बाजारांत मोबाईलच्या कार्डावर भरून मिळणाऱ्या गाण्यांस कर्त्याचें नांव नसतें. झी म्युझिकनें तें यूट्यूबवर अधिकृतपणें ठेविलें आहे. तेथें नांवेंही आहेत. २०१२ च्या कायदेदुरुस्तीनें गीतकार व संगीतकार यांस अशा उपयोगाच्या मानधनांत वांटा राखिला; चोरट्या प्रतींतून तो बुडतो. दूरच्या खेड्यांत इंटरनेट दुर्मिळ, म्हणून तेथील मुलांस दोष कसा द्यावा? तथापि कर्त्याचें नांव विचारणें सर्वांस शक्य आहे. तेंदूपत्त्याची मजुरी बुडाली तर घर हळहळतें. गीताची मजुरीही मजुरीच होय.