पडीक कोणासाठी?

वाचकहो, भाषांतराचे काम करणाऱ्याच्या हातून शब्दांच्या चुका होतात आणि त्या सुधारताही येतात. परंतु काही चुका शब्दकोशातून आलेल्या नसतात. त्या आपल्या घरातूनच आलेल्या असतात. अशाच एका चुकीची ही हकिकत आहे.

काही वर्षांपूर्वी एका पत्रकाचे मराठी करताना, नदीकाठच्या पाणथळ जागेसाठी मी सहज ‘पडीक दलदल’ असे लिहून गेले. मुद्रिते तपासताना एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी त्या शब्दांखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात एवढेच विचारले, ‘पडीक कोणासाठी?’ मी शब्द बदलला. प्रश्न मात्र मनात राहिला.

आमच्या गावी ओढ्याला लागून आमची अर्ध्या एकराची एक सखल पट्टी होती. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचे, पुढे लव्हाळे माजे आणि पाणी आटेपर्यंत पाखरांचा राबता असे. पीक येत नसल्यामुळे घरात तिचे नावच ‘पडीक’ पडले होते. मी बारावीत असताना वडिलांनी ती विकली. घेणाऱ्याने मुरूम टाकून ती भरून काढली आणि प्लॉट पाडले. त्याच पैशांतून माझे बी.ए.पर्यंतचे शिक्षण झाले. वडिलांना मी दोष देत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी जमीन विकणारे बाप आमच्या गावात फार नव्हते. परंतु आज त्या प्लॉटांवर उभ्या असलेल्या घरांत प्रत्येक मोठ्या पावसात ओढ्याचे पाणी उंबरा ओलांडून आत येते. पूर्वी तेच पाणी आमची पट्टी पोटात घेई आणि सावकाश जमिनीत मुरवी. ज्या जागेला आम्ही निरुपयोगी म्हणत होतो, ती साऱ्या आळीचे काम बिनबोभाट करीत होती.

पुढे संसार आणि नोकरी यांनी मला दिल्लीस आणले. २०२४ च्या जानेवारीत एका रविवारी, शेजाऱ्यांच्या आग्रहावरून, आठ वर्षांच्या मुलाला घेऊन मी ओखला पक्षी अभयारण्यात पाणपक्ष्यांच्या मोजणीसाठी गेले. १९८६ साली यमुनेवर तेथे नवा बंधारा झाला आणि त्यामागे पाण्याचा विस्तार वाढला. १९९० साली उत्तर प्रदेश शासनाने सुमारे ४ चौरस किलोमीटरांचा हा भाग अभयारण्य म्हणून घोषित केला. आता मेट्रोचे एक स्थानकही त्याच नावाने ओळखले जाते.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत अनेक देशांत होत आली आहे. उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी या दिवसांत स्थिरावलेले असतात, म्हणून हा महिना. मोजणारांना वेतन नसते. आमच्या तुकडीत एक शाळामास्तर, दोन महाविद्यालयीन मुली, एक निवृत्त कारकून आणि आम्ही मायलेक असे सहा जण होतो. रीत सोपी आहे. पक्षी थोडे असतील तर एकेक मोजावेत. थवा मोठा असेल तर आधी दहा मोजावेत, त्या दहांनी व्यापलेली जागा नजरेत धरावी आणि तशा किती जागा थव्यात बसतात ते पाहावे.

धुके विरळ झाले तेव्हा माझ्या मुलाने शाळेत शिकलेली इंग्रजी नावे धडाधड सांगितली. मी त्याला आपली नावे सांगू लागले. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा ल्यालेला तो वारकरी. रुंद, चपट्या चोचीचा तो थापट्या. लांब तांबड्या पायांचा तो शेकाट्या. आणि चोचीच्या मुळाशी तांबडे ठिपके व टोकाला पिवळा रंग असलेले ते हळदीकुंकू बदक. हे नाव ऐकून मुलगा खळखळून हसला आणि मग ते बदक तो कधीच चुकला नाही.

आम्हा दोघांच्या वाट्याला वारकरी आले. त्याने ६२ मोजले, मी ५८. मास्तर म्हणाले, “घाई करू नका, ते बुडी मारतात.” पुन्हा मोजले, तेव्हा दोघांचेही ६१ भरले आणि तो आकडा तक्त्यात गेला. पाण्याला दुर्गंधी होती, काठाला प्लॅस्टिक अडकले होते. हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु दरसाल असे आकडे लिहिले गेले, तरच काय वाढले नि काय घटले हे पुराव्याने सांगता येते.

जपणुकीची याहून मोठी उदाहरणे आपल्या देशात आहेत. तमिळनाडूतील वेदांतंगलचे गावकरी आपल्या तळ्यावरील पक्ष्यांना दोन शतकांहून अधिक काळ सांभाळीत आले आहेत. पक्ष्यांच्या विष्ठेने सकस झालेले पाणी त्यांच्या शेतांना मिळते. ओडिशात चिलिका सरोवराकाठच्या मंगलाजोडी गावात एके काळी पक्षी मारणारेच पुढे त्यांचे राखणदार झाले आणि पर्यटकांना नावेतून पक्षी दाखवू लागले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. यांपैकी कोणत्याही जागेला आज कोणी पडीक म्हणणार नाही.

त्या रात्री मी वडिलांना दूरध्वनी केला आणि मुलाने आजोबांना हळदीकुंकवाची गोष्ट सांगितली.

“अगं, ती बदके आपल्या पट्टीतही उतरत,” वडील मला म्हणाले.

“किती असत, बाबा?”

ते क्षणभर थांबले. “मोजली होती कोणी?”

वाचकहो, आपण कोणत्याही राज्यात राहत असा, घरापासून फार दूर नसलेले एखादे तळे, खाजण किंवा ओढ्याकाठची सखल जागा आपल्या परिचयाची असेलच. येत्या जानेवारीत एका सकाळी मुलांना घेऊन तिथे जा. जवळ एक वही आणि पेन्सिल असू द्या. पक्ष्यांची नावे येत नसली, तरी रंग, चोच आणि संख्या लिहा. नावे मागाहून विचारता येतील. पुढच्या जानेवारीत तीच वही घेऊन पुन्हा जा. उद्या कोणी ती जागा पडीक ठरवून भरावयास आला, तर त्याच्यापुढे ठेवण्यास आपल्या हाती निदान एक वही असेल. आमच्या हाती तीही नव्हती.