हनोईच्या तळ्याकाठी अण्णा

दिंडोरीतील माझ्या दवाखान्यात साठीपुढील रुग्ण आला की मी ठरलेले वाक्य उच्चारतो : रोज सकाळी अर्धा तास चाला. रुग्ण मान डोलावतो. माझे वडील, आमचे अण्णा, हेही मान डोलावत. वय 79, मधुमेह, रक्तदाब आणि कुरकुरणारा डावा गुडघा. आई गेल्यापासून मात्र ते ओट्याच्या पुढे फारसे जातच नसत.

गेल्या वर्षी द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी आटोपल्यावर बाग धाकट्या भावाच्या हाती सोपवली आणि अण्णांना घेऊन मी व्हिएतनामला निघालो. सहल कंपन्यांचे कार्यक्रम पाहिले होते. रोज पहाटे बस, दर दोन दिवसांनी नवे हॉटेल! त्यांच्या गुडघ्याला हे मानवले नसते. म्हणून आपल्या आपणच जायचे आणि आठही दिवस एकट्या हनोईतच राहायचे, असे ठरवले. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, मुंबईहून थेट विमान आहे. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते, त्यामुळे गोळ्यांच्या वेळा बदलण्याचा फारसा प्रश्न येत नाही. गोळ्या मात्र मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह आणि हातातल्याच पिशवीत ठेवाव्यात. जुन्या हनोईतील घरे अरुंद आणि उंच असतात. तेव्हा खोली ठरवताना लिफ्ट आहे का, हे आधी विचारावे.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला जाग आली तेव्हा शेजारचा पलंग रिकामा होता. फोन टेबलावर, गोळ्यांची डबी जागच्या जागी. साखर उतरवणारी औषधे घेणारा माणूस उपाशीपोटी अनोळखी शहरात निघून जातो, तेव्हा काय होऊ शकते हे मला नेमके ठाऊक होते. हॉटेलचे कार्ड त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मीच ठेवले होते, तेवढाच आधार. जिना उतरून मी धावत सुटलो.

होआन किएम हे शहराच्या मध्यावरचे तळे. त्याची फेरी साधारण पावणेदोन किलोमीटरची. फटफटायच्या आत तिथे निम्मे शहर लोटलेले असते. कुणी संथ लयीत हात फिरवतो, कुणी बॅडमिंटन खेळतो, कुठे गाण्याच्या तालावर बायका कवायत करतात. त्यांतल्या बहुतेकांचे केस पांढरे. आणि तांबड्या लाकडी पुलाच्या अलीकडे, अशाच एका घोळक्यात, पांढरी टोपी घातलेले अण्णा उभे होते. पुढच्या बाई जशा मांड्यांवर थापट्या मारीत होत्या, तशाच तेही मारीत होते.

मी रागावणार होतो. पण वर्षभरात त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता, म्हणून झाडाआड थांबलो.

व्यायाम संपल्यावर एका वृद्धाने खुणेने वय विचारले. अण्णांनी आधी सात, मग नऊ बोटे दाखवली. हा चौकसपणा उगाच नव्हे. व्हिएतनामी भाषेत समोरच्याला काका म्हणायचे, दादा म्हणायचे की आजोबा, हे वय कळल्याशिवाय ठरत नाही. त्या दिवसापासून अण्णा तिथे ‘ओंग’ झाले, म्हणजे आजोबा.

पुढे रोज ते आधी दोन बिस्किटे खाऊन, खिशात खडीसाखर घेऊन एकटेच निघत आणि मी अर्ध्या तासाने मागाहून जात असे. तोवर रस्त्यांवर खांद्यावरच्या कावडीत फळे घेऊन विक्रेत्या बायका हिंडू लागत. पदपथावर वीतभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर म्हातारेही सहज बसून ‘फो’ हे तांदळाच्या शेवयांचे सूप पीत. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र हे धाडस करू नये. अण्णांसाठी मी दोन स्टुले एकावर एक ठेवून घेत असे.

फो बहुधा गोमांसाचा किंवा कोंबडीचा असतो. शाकाहारी जेवणाला तिथे ‘चाय’ म्हणतात. पहिल्या दिवशी ती पाटी वाचून दाखवताच अण्णा चहाच्या आशेने आत शिरले होते! बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी हा आहार घेतात, त्या दिवशी अशा खानावळी गजबजतात. आपल्या अमावास्या-पौर्णिमेसारखेच हे. एरवी माशांचे खारट पाणी जवळजवळ प्रत्येक पदार्थात असते. रक्तदाबाच्या रुग्णाने ते वेगळ्या वाटीत मागावे आणि सूप तळापर्यंत पिऊ नये. पाणी बंद बाटलीचेच प्यावे.

रस्ता ओलांडणे ही खरी परीक्षा. दुचाक्यांचा लोंढा थांबतच नाही. न धावता, न थबकता, एकाच गतीने चालत राहिले की त्या आपल्याला वळसा घालून जातात. हे अण्णांना माझ्याआधी जमले. मी त्यांचा दंड घट्ट धरून मध्येच थबकत असे, आणि चालक गोंधळत तो त्यामुळेच.

शेवटच्या सकाळी अण्णांनी आमच्या बागेतील बेदाण्यांची पुडी घोळक्यात वाटली. थापट्या मारणाऱ्या बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, बरेच काही बोलल्या. अण्णाही मराठीत बरेच काही बोलले.

विमानात ते खूप वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आपल्या दिंडोरीत सकाळी साडेपाचला कोण कोण उठतं रे?”