झाकणाचा आवाज

सांगलीत नाटक करायचं तर विष्णुदास भाव्यांना ओलांडून जाता येत नाही. नाट्यगृहाला त्यांचं नाव, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, त्याच दिवशी त्यांच्या नावाचं गौरवपदक. हे सगळं लहानपणापासून पाहत आले. पण भाव्यांची गोष्ट मनाला भिडली ती मी स्वतः नाटकं बसवायला लागल्यावर. कारण मुळात ती एका प्रेक्षकाची गोष्ट आहे.

कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीला आली. श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी त्यांचे खेळ करवले. कानडी भाषा, पुराणातली कथानकं, नाच, गाणं आणि भरपूर आरडाओरडा. श्रीमंतांना त्यातलं काही आवडलं, काही खटकलं. असंच काही मराठीत, पण नेटकं करून दाखव, असं त्यांनी पदरच्या तरुण विष्णुपंतांना सांगितलं आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं.

शाळेत आपण हे ‘मराठी रंगभूमीचा जन्म’ म्हणून पाठ करतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. मला मात्र त्यातली कारागिरी पाहावीशी वाटते. भागवतांच्या खेळातलं भाव्यांनी काय ठेवलं? सूत्रधार ठेवला, विदूषक ठेवला, आरंभीचे गणपती-सरस्वती ठेवले. पदं सूत्रधाराने म्हणायची आणि पात्रांनी आपापलं बोलणं आयत्या वेळी रचायचं. बदलली ती भाषा, आणि बदलला तो कान. कीर्तनातली आख्यानं ऐकून तयार झालेला मराठी माणूस त्यांनी समोर धरला. कानडी खेळात सांगलीकराला जिथून आत शिरता येत नव्हतं, नेमकं तिथेच त्यांनी काम केलं. त्यांच्या हातात मुळात कसब होतं, लाकडाच्या बाहुल्याही ते करत. अशा हाताला पाहिलेल्या गोष्टीचा सांगाडा ओळखता येतो.

दुसऱ्याचं काम पाहून आपल्याला सुचतं ते नेमकं कशामुळे? ते काम थोर असतं म्हणून, असं सहसा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. थोर कामापुढे मी बहुतेक वेळा गप्प होते, नमस्कार करते आणि घरी येते. सुचतं तेव्हा त्या कामात, किंवा ते ज्या माध्यमात घडलंय त्या माध्यमात, काहीतरी करायचं राहिलेलं असतं. तो दोष नसतो. ती माझ्यासाठी उरलेली जागा असते. हे मला औंधात कळलं, आणि तेही गाणं ऐकायला गेले असताना.

सातारा जिल्ह्यातल्या औंधला अंतुबुवा जोशी यांनी १९४० साली सुरू केलेला संगीत महोत्सव होतो. रात्रभर गाणं ऐकलं की दुसऱ्या दिवशी मूळपीठाच्या डोंगरावर यमाईच्या दर्शनाला जायचं आणि वाटेत श्री भवानी संग्रहालय पाहायचं, असा अनेकांचा शिरस्ता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभं केलेलं हे संग्रहालय म्हणजे एका माणसाची पाहण्याची भूक आहे. पहाडी लघुचित्रं, युरोपातल्या प्रसिद्ध शिल्पांच्या प्रतिकृती, आणि त्याच छपराखाली हेन्री मूरचं दगडातलं ‘आई आणि मूल’. हा राजा स्वतः चित्रं काढायचा, कीर्तनं करायचा. त्यांचं ‘चित्ररामायण’ १९१६ साली छापून निघालं. अजिंठा आणि वेरूळ या दोन्हींवर त्यांनी सचित्र पुस्तकं लिहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली तेव्हा तिच्यातली चित्रंही त्यांचीच. त्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ही चित्रं प्राचीन नमुन्यांवरून काढली आहेत, असं स्पष्ट छापलेलं आहे. मला त्या उल्लेखाचं फार अप्रूप वाटतं. राजा असून, पैसा देणारा असून, आपल्या रेषेचं मूळ दुसऱ्याच्या दगडात आहे हे सांगायला त्यांना संकोच वाटला नाही.

त्या दिवसांत आम्ही हौशी मंडळी सैरंध्रीवर एक दीर्घांक बसवत होतो. विराटाची राणी सुदेष्णा द्रौपदीला मद्य आणण्याच्या निमित्ताने कीचकाच्या घरी पाठवते, तो प्रवेश काही केल्या उभा राहत नव्हता. संहितेत सैरंध्रीला जाण्यापूर्वी मोठं स्वगत होतं. आमची मुलगी ते उत्तम म्हणायची, डोळ्यांत पाणीही आणायची, आणि तरी समोर बसलेल्या मला काही होत नव्हतं. तालमीनंतर सगळे मान खाली घालून चहा प्यायचे.

औंधच्या संग्रहात राजा रविवर्म्यांची सैरंध्री आहे. हा विषय रविवर्म्यांनी पुन्हा पुन्हा हाताळला. बडोद्याच्या चित्रात कीचक प्रत्यक्ष समोर उभा आहे. इतरत्र ती एकटी आहे, हातात पात्र, आणि जायचं तर आहेच. मला ही एकटी सैरंध्री जास्त भयंकर वाटते. कीचक चित्रात नाही, म्हणून तो चौकटीबाहेर सगळीकडे आहे. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि रसिकाची नजर सोडून हिशेब करायला लागले. हा माझ्या धंद्याचा गुण म्हणा. भार कोणत्या पायावर आहे? खांदा कुठे वळलाय? भांडं शरीरापासून किती दूर धरलंय?

भांड्यावर नजर अडकली ती सुटेना. ती मद्य आणायला चालली आहे. म्हणजे जाताना भांडं रिकामं आहे! घरी येऊन विराटपर्व काढलं. तिथे राणी तिच्या हाती देते ते सोन्याचं पात्र आहे, आणि त्याला झाकण आहे. आमच्या तालमीत आमची मुलगी तेच पात्र दोन्ही हातांनी, भरल्यासारखं जपून नेत होती. भरलेलं भांडं नेणारी बाई भांड्याकडे पाहते. रिकामं भांडं हातात असलेल्या बाईकडे पाहायला काही नसतं. तिचा हात मोकळा पडतो, आणि तिला काय वाटतंय ते त्या हाताला लपवता येत नाही.

इथपर्यंत चित्राने आणलं. पुढे चित्र जाऊ शकत नव्हतं, कारण चित्राला आवाज नसतो.

आम्ही प्रॉपर्टीच्या पेटीतलं थर्माकोलचं सोनेरी पात्र काढून टाकलं आणि मिरजेच्या भांडीबाजारातून झाकणाचं पितळी पात्र आणलं. झाकण मुद्दाम किंचित सैल असलेलं निवडलं. दुकानदार घट्ट बसणारी झाकणं पुढे करत होता, मी ती मागे सारत होते. तालमीत स्वगत सगळं कापलं. सुदेष्णा पात्र देते, सैरंध्री घेते, आणि रंगमंच तिरका पार करून डाव्या विंगेकडे निघते. पार्श्वसंगीत बंद. अर्ध्या वाटेवर झाकण किणकिणायला लागलं. मुलीने ते थांबवायला दुसरा हात वर ठेवला, तशी आतली पोकळी घुमली. हे मी तिला सांगितलं नव्हतं. पेटीवाले काका सुरांवरची बोटं उचलून तसेच बसून राहिले. लेखकाने आपलं स्वगत गेलं म्हणून एक शब्द काढला नाही, यात त्याचा मोठेपणा आहे.

हे रविवर्म्यांकडून घेतलं का? घेतलंच. पण प्रयोग पाहून कुणालाही ते चित्र आठवणार नाही. आमची सैरंध्री चित्रातल्यासारखी उभी नाही, तसं नेसलेली नाही, आणि तिचा उजेडही तो नाही. चित्रातली पोज रंगमंचावर जशीच्या तशी उभी करणं सोपं होतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. त्याला मी अनुकरण म्हणते आणि त्यापासून मुलांना दूर ठेवते. चित्राने ज्या क्षणी थांबायचं ठरवलं, त्याच्या पुढची चार पावलं आम्हाला हवी होती.

या सैरंध्रीचा प्रवासही किती हातांतून झाला! सांगलीतच १८७२ साली जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ लिहिलं. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. दहा वर्षांनी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी त्याच नाटकावरून ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. नाटकाचे पडदे रंगवणारा हा माणूस. खाडिलकरांच्या नाटकाचा जीव भाषेत, आणि मूकपटाला तर वाचाच नाही. मग पेंटरांनी डोळ्याला दिसेल ते केलं, आणि कीचकाचा वध इतका खरा वाटला की तो भाग कापायला लावला गेला. खाडिलकरांच्या प्रेक्षकाला कर्झन दिसला होता तो बोलण्यातून. पेंटरांच्या प्रेक्षकाला दिसलं ते मरण. दोघांची सैरंध्री वेगळी आहे आणि दोघांचीही अस्सल आहे.

आमच्याकडे नव्या मुलांना मूळ कल्पनेचं फार दडपण असतं. कुणाचं काही पाहिलं तर आपल्यावर छाप पडेल म्हणून ती दुसऱ्याचे प्रयोग पाहायचं टाळतात. मला हे ऐकून काळजी वाटते. छाप पडायची ती रिकाम्या माणसावर पडते. ज्याच्या मनात एखादा प्रवेश महिनोन्महिने अडून बसलाय, त्याला दुसऱ्याच्या कामात स्वतःच्याच प्रश्नाचा धागा सापडतो. मी चित्र पाहायला म्हणून औंधला गेले असते, तर चित्र छान आहे म्हणून परत आले असते. अडलेला प्रवेश बरोबर होता, म्हणून भांडं दिसलं.

प्रयोगानंतर परवा कॉलेजातली एक मुलगी आत भेटायला आली. तिला झाकणाबद्दल काही बोलायचं नव्हतं. “ताई, सैरंध्री निघून गेल्यावर सुदेष्णा तिथेच उभी राहते आणि तुम्ही लगेच अंधार करता,” ती म्हणाली. “तिला माहीत असतं ना, आपण हिला कुठे पाठवलंय ते? मग ती त्या खोलीत नंतर करते काय?” मी विचारलं, तुला काय वाटतं? तिने पिशवीतून वही काढली. तीन पानं आधीच लिहिलेली होती. मेकअपच्या टेबलावरचे डबे बाजूला सारून आम्ही तिथेच वाचायला बसलो, आणि पहिल्या पानावरच सुदेष्णेच्या एका वाक्यावरून आमचा वाद सुरू झाला.