विदर्भाचा सगळ्यांत मोठा कोण?

आज संध्याकाळी आर्वीत, चहाच्या टपरीवर पुन्हा तोच वाद: विदर्भाचा आजवरचा सर्वांत मोठा रणजीपटू कोण? कापसाच्या भावावरही एवढा आवाज चढत नाही.

पोरांचं उत्तर ठरलेलं. "हर्ष दुबे! एका मोसमात ६९ बळी, भाऊ. रणजीत आजवर कोणालेच जमले नाही." २०२४-२५चा तो विक्रम खराच. वसीम जाफरचं नाव काढलं, की "तो तर मुंबईचा" म्हणून बाजूला सारतात. हे मला अजिबात पटत नाही. चाळिशीत आलेल्या माणसानं २०१८-१९मध्ये आपल्यासाठी हजारावर धावा काढल्या, तो आपलाच.

माझं मत मात्र रजनीश गुरबानीला. २०१७ची कोलकात्यातली उपांत्य लढत! कर्नाटकला १९८ हव्या होत्या, ते १९२वर गारद. पाच धावांनी जिंकलो, अन् गुरबानीचे सामन्यात १२ बळी. मग इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक. त्याआधी साठ वर्षं विदर्भानं फायनलचं तोंड पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा दार उघडणाऱ्याचं वजन आकड्यांत कसं धरणार?

तेवढ्यात कोपऱ्यातले काका बोलले, "अन् सरवटे?" सगळे गप्प. २०१९च्या फायनलमध्ये ११ बळी, पुजारा दोन्ही डावांत त्याचाच. पण २०२५च्या फायनलमध्ये तोच आदित्य सरवटे केरळकडून आपल्याविरुद्ध उतरला. मग तो धरायचा की नाही? मी म्हणतो, धरायचाच. पोरं ऐकायला तयार नाहीत.